वायूची बेगमी

लुइझियानाच्या किनाऱ्यावरील सबाइन पास येथे वायू भरून निघालेले ‘मेरिडियन स्पिरिट’ हे जहाज ३० मार्च २०१८ रोजी दाभोळच्या धक्क्यास लागले आणि ‘गेल’ या सरकारी वायूकंपनीने अमेरिकन कंपनीशी केलेल्या वीस वर्षांच्या कराराचा पहिला माल या देशात उतरला. त्याच वर्षी सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचे मिळून नगरवायूचे एक क्षेत्र ठरले व त्याचा परवाना भारत गॅस रिसोर्सेस या कंपनीस मिळाला. देशास लागणाऱ्या वायूपैकी सुमारे निम्मा परमुलखातून येत असल्यामुळे, मिरजेतील शेगडी आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील भट्टी यांचे भवितव्य सातासमुद्रापलीकडच्या घडामोडींशी जोडले गेले आहे. म्हणून या पुरवठ्याच्या सुरक्षिततेचा विचार येथील नागरिकानेही करावयास हवा.

नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, की त्याचा द्रव होऊन आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते आणि तो जहाजातून नेता येतो. परंतु टाकी कितीही बंदिस्त असली तरी बाहेरची उष्णता आत शिरून थोडा द्रव सतत उकळतच राहतो. कोयनेच्या शिवसागरात १०५ टीएमसी पाणी अडवून मागणीच्या वेळी वीज काढता येते. तसा हा द्रव वर्षभराच्या बेगमीसाठी ठेवता येत नाही.

दाभोळचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या तेथील वीजप्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ साली नाफ्थ्यावर चालू झाला आणि दरांच्या वादात २००१ साली बंद पडला. वायूचे बंदर चालू व्हावयास २०१३ साल उजाडले. तेथून सह्याद्री ओलांडून बंगळूरपर्यंत वाहिनी गेली. तथापि लाटा अडविणारा बांध अपुरा राहिल्याने कित्येक वर्षे ऐन पावसाळ्यात तेथे जहाज लागणे अशक्य होते. पुढे २०२२ साली, युक्रेनमधील युद्धानंतर, रशियन कंपनीच्या जर्मन सरकारने ताब्यात घेतलेल्या उपकंपनीकडून ‘गेल’ला करारान्वये यावयाचा माल खंडित झाला, युरोपने चढ्या भावाने जहाजे आपल्याकडे वळविली आणि पाकिस्तानात वायूअभावी वीजकपात करावी लागली. कराराचा दस्तऐवज हाती असला म्हणजे वायू हाती आला असे नव्हे, हे त्या वर्षाने सिद्ध केले.

यास्तव तीन गोष्टींची तजवीज अगत्याची आहे. खरेदी एकाच देशावर अथवा एकाच सागरी मार्गावर अवलंबून नसावी. जगातील द्रवरूप वायूच्या व्यापाराचा सुमारे पंचमांश होर्मुझच्या अरुंद सामुद्रधुनीतून जातो. खनिज तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथे जसे भूमिगत साठे उभारले, तसे वायू द्रव न करता साठविण्यासाठीही सरकारने उभारावेत. तिसरी गोष्ट मात्र सर्वस्वी आपल्या हातातली आहे: कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांतून निघणाऱ्या प्रेसमडपासून शुद्ध जैववायू करता येतो, आणि केंद्राच्या २०१८ च्या ‘सतत’ योजनेत त्याच्या खरेदीची तरतूदही आहे. त्याने सांगली जिल्ह्याची सारी गरज भागणार नाही. पण जो हिस्सा भागेल, त्यास ना जहाज लागेल, ना परक्या सरकारची मर्जी. सहकाराने ज्या जिल्ह्यात उसाचे अर्थकारण उभे केले, तेथील संचालक मंडळांनी हे काम येत्या गाळप हंगामाआधी विषयपत्रिकेवर घ्यावे.