कार्डावरची मुंबई, दप्तरातली मुंबई

जुन्या मुंबईची चित्रकार्डं चाळताना काळा घोडा हमखास भेटतो. त्यावरचा स्वार म्हणजे युवराज एडवर्ड. अल्बर्ट ससून यांनी दिलेला हा पुतळा १८७९ साली उभा राहिला. हिंदुस्थानात पाव आण्याचं पोस्टकार्ड सुरू झालं तेही त्याच वर्षी. पण ते साधं, सरकारी, बिनचित्राचं. चित्रकार्डांची लाट आली ती शतक पालटताना. चित्रकार म. वि. धुरंधर यांनीही मुंबईच्या रस्त्यावरची माणसं कार्डांसाठी रंगवली.

असं कार्ड हाती आलं की पहिला प्रश्न पडतो, हे कधीचं? टपालाचा शिक्का पुरेसा नाही. विक्रेते एकच छायाचित्र वर्षानुवर्षं छापत, त्यामुळे शिक्क्यावरून एवढंच ठरतं की चित्र त्याआधीचं आहे. खरी साक्ष चित्रातच असते. ट्रामला घोडे जुंपलेले असतील, तर दृश्य १८७४ नंतरचं आणि १९०७ साली विजेची ट्राम येण्याआधीचं. ताजमहाल हॉटेल आहे पण समोर गेटवे ऑफ इंडिया नाही? मग १९२४ च्या आधीचं. ताज उघडलं १९०३ मध्ये. मजकूर चित्राच्याच कडेला दाटीवाटीनं लिहिला असेल, तर तोही पुरावाच. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत कार्डाची पाठ फक्त पत्त्यासाठी राखलेली असे.

रंगांवर मात्र विसंबू नये. मूळ छायाचित्र काळंपांढरं, रंग नंतर चढवलेले.

इथून पुढे कार्ड घेऊन जुन्या संस्थांची पायरी चढावी लागते. काळ्या घोड्याच्या परिसरातच डेव्हिड ससून ग्रंथालय आहे, १८७० सालच्या इमारतीत. जवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी. तिची सुरुवात १८०४ ची. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेत शहराच्या जुन्या मराठी पुस्तकांचा माग काढता येतो. गोविंद नारायण माडगांवकरांचं १८६३ सालचं ‘मुंबईचें वर्णन’ आणि आचार्य-शिंगणे यांचा १८८९ सालचा ‘मुंबईचा वृत्तांत’ ही दोन पुस्तकं कार्डांशेजारी ठेवून वाचावीत, इतकी ती मोलाची आहेत.

कारण कार्डांनी सगळं शहर दाखवलंच नाही. बोरीबंदर स्टेशन, राजाबाई टॉवर, हॉटेलं, बागा यांचाच भरणा जास्त. गिरणगावातल्या चाळीचा जिना त्यांत क्वचितच. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रस्ते काढले. कार्डावर दिसतो तो तयार झालेला रुंद, नेटका रस्ता. तिथं आधी काय होतं आणि जागा रिकामी कशी झाली, याचा शोध ट्रस्टच्या अहवालांत आणि नकाशांत घ्यावा लागतो.