किमतीत ‘सगळं’ आलं, म्हणजे काय काय आलं?

नवरा-बायकोनं दोघांनीच चार दिवस कुठंतरी जाऊन यावं, ही गोष्ट आपल्या घरांतून आता नवी राहिलेली नाही. पूर्वी महाबळेश्वरवर भागायचं, आता मालदीव आणि तुर्कस्तानची पॅकेजं विचारली जातात. परदेशात स्थायिक झालेली आपली मुलं तर आणखी लांब जातात. टोरांटोत राहणारी माझी भाची आणि तिचे मिस्टर दोन्ही मुलांना सासूबाईंकडे ठेवून सात दिवस जमैकाला राहून आले. टोरांटोहून विमानानं चार तासांचा प्रवास. त्यांनी घेतलं ते ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ पॅकेज. एकदाच पैसे भरायचे, मनगटावर पट्टा बांधून घ्यायचा आणि पाकीट तिजोरीत ठेवून द्यायचं. खोली, तीन वेळचं जेवण, सरबतं, समुद्रावरची होडी, सगळं त्या पट्ट्यावर.

ही पद्धत मूळची कॅरिबियनची नाही. १९५० साली जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन माणसानं स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून ‘क्लब मेड’ सुरू केला. तिथं राहणं-जेवण एका रकमेत असे. जमैकात ही कल्पना सत्तरच्या दशकात रुजली. १९८१ साली गॉर्डन ‘बुच’ स्टुअर्ट या वातानुकूलन यंत्रं विकणाऱ्या व्यापाऱ्यानं माँटेगो बे इथं ‘सँडल्स’ हे फक्त जोडप्यांसाठीचं हॉटेल काढलं. क्लब मेडमध्ये दारूचे पैसे माळेतल्या मण्यांनी वेगळे द्यावे लागत. कॅरिबियनमध्ये मात्र दारूही त्याच रकमेत घातली गेली. आपल्या दृष्टीनं मुद्दा इथंच आहे.

जो पीत नाही तोही तेवढेच पैसे भरतो. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या रमचा भार थोडाफार आपल्याही खिशावर पडतो. अशा ठिकाणी राहावं की नाही, यावर फतवा देणं माझं काम नाही. ते उलेमांना विचारावं. मी शिक्षिका आहे, मला हिशेब कळतो. न खाल्लेल्या, न प्यायलेल्या वस्तूंची किंमत धरली तर आपल्यासारख्यांना हे पॅकेज जाहिरातीत दिसतं तेवढं स्वस्त पडत नाही.

जेवणाचं आणखी वेगळं. टेबलावर शंभर पदार्थ मांडलेले, त्यांतले आपण खाऊ शकू असे किती? चिकन हलाल नव्हतं. भाचीला एका भांड्यात चक्क राजमा दिसला, अगदी आपल्यासारखा लाल. पण जमैकातल्या त्या रस्स्यात डुकराची खारवलेली शेपटी घालायची रीत आहे. तिनं विचारलं म्हणून कळलं. वाढणाऱ्या मुलीनं आत जाऊन आचाऱ्याला विचारलं आणि परत येऊन प्रामाणिकपणे ‘तुम्ही हे घेऊ नका’ असं सांगितलं. मग दोघांनी आठवडाभर मासे, भात, अंडी आणि फळं यांवर काढला. आंबे आणि पपया मात्र भरपूर, माशाअल्लाह. केकमध्ये रम असते, हेही विचारूनच कळलं.

नमाजचं सोपं गेलं. आपल्याला पश्चिमेकडे तोंड करण्याची सवय. तिथून किब्ला ईशान्येच्या बाजूला येतो. भिंतीवरचा नकाशा पाहिला तर हे पटत नाही, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा, लगेच पटेल. शुक्रवारी दोघांनी खोलीतच जोहर अदा केली. प्रवाशावर जुमा फर्ज नाही.

मला हे ऐकताना वाटलं, मग गेलात कशाला? ती म्हणाली, “खाला, सात दिवस ‘आज जेवायला काय करू’ हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही कुणाला विचारला नाही. आम्ही दोघं संध्याकाळी नुसते बसायचो. लग्नाच्या अकरा वर्षांत एवढं बोललो नव्हतो.” यावर मी काय बोलणार? दोन नोकऱ्या, दोन मुलं आणि बर्फातला दिवस काढणाऱ्या बाईला असा आठवडा मिळणं लहान गोष्ट नाही. आपल्याकडच्या बायकांना तर माहेरी गेल्यावरही ओट्यापासून सुटका नसते.

पण या व्यवस्थेला कुंपण असतं, आणि ते मनात आणल्याशिवाय राहवत नाही. जमैकात १९५६ च्या कायद्यानं समुद्रकाठाची मालकी सरकारकडे आहे, पण सर्वसामान्य माणसाला प्रत्येक किनाऱ्यावर जाण्याचा सरसकट हक्क मिळालेला नाही. त्यामुळे चांगले चांगले किनारे हॉटेलांच्या भिंतीआड गेले आणि ज्यांच्या वाडवडिलांनी तिथं पोहायला शिकलं, ते बाहेर राहिले. त्यावरून तिथं न्यायालयात भांडणं चालू आहेत. बार्बाडोसमध्ये मात्र सगळे किनारे लोकांना खुले आहेत. शिवाय ज्याचं जेवण आत फुकट, तो बाहेरच्या खानावळीत कशाला जाईल? रस्त्यावरच्या दुकानदाराला पाहुणा फक्त विमानतळाच्या बसमध्ये दिसतो.

आणि त्या भिंतीबाहेर आपलीच माणसं होती, हे पॅकेजच्या पुस्तिकेत कुठंच नसतं. १८४५ साली कलकत्त्याहून ‘ब्लंडेल’ नावाचं जहाज गिरमिटिया मजूर घेऊन जमैकाला लागलं. १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार हिंदुस्थानी तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे. त्यांत मुसलमानही होते. त्यांची मोहरमची मिरवणूक तिथं ‘होसे’ झाली, म्हणजे आपलं ‘हुसैन’च. बकऱ्याच्या मटणाची करी आणि रोटी आज सगळा जमैका आपली म्हणून खातो.

पाचव्या दिवशी हे दोघं बाहेर पडले. लाल नंबरप्लेटची टॅक्सी केली (तिथं परवाना असलेल्या टॅक्सीची तीच खूण) आणि किनाऱ्यालगत मासे तळणाऱ्या एका बाईकडे जेवले. अख्खा मासा तळून त्यावर सिरक्यात मुरवलेला कांदा आणि तिखटजाळ मिरची, सोबत मक्याच्या पिठाची गोडसर तळलेली लांबोडी. तिला तिथं ‘फेस्टिव्हल’ म्हणतात. आठवड्यातलं सर्वांत चांगलं जेवण हेच, असं जावईबापू सांगतात. त्याचे पैसे त्यांनी वेगळे दिले, आणि ते त्या बाईच्या हातात गेले.

आपल्यापैकी कुणी असं पॅकेज, मग ते जमैकाचं असो की अंतालियाचं, घेणार असेल तर पैसे भरण्याआधी हॉटेललाच लेखी विचारावं. मांस हलाल आहे का, आणि त्याचा दाखला कुणाचा? तळायचं तेल आणि जाळी वेगळी आहे का? दारू वगळून दर मिळतो का? बहुतेक ठिकाणी ‘नाही’ म्हणतील, पण विचारणारे वाढले की दर बदलतात. कॅरिबियनला जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वादळांचा हंगाम असतो, आणि स्वस्त पॅकेजं नेमकी त्याच महिन्यांची निघतात.

जमैकात स्वयंपाकीण असलेली घरंही भाड्यानं मिळतात. बाजारातून मासळी आणून दिली की ती करून वाढते. भाचीनं पुढच्या वेळेसाठी त्याची चौकशी सुरू केली आहे. फक्त एक अट तिनं मिस्टरांना आताच घातली आहे: मासळी आणायला जायचं ते त्यांनीच.