विकराला चकविणारा रेणू : फॉलिक आम्ल ते मेथोट्रेक्सेट

गरोदर स्त्रियांना सरकारी आरोग्य केंद्रांतून लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात, हे देशभर परिचित आहे. या फॉलिक आम्लाशी रचनेत कमालीचे साम्य असलेला मेथोट्रेक्सेट नावाचा रेणू मात्र कर्करोगावर औषध म्हणून दिला जातो. त्याचे कार्य अगदी उलट आहे. पेशीतील एखाद्या विकराला, म्हणजेच एन्झाइमला, निष्प्रभ करून चयापचय रोखणारे जे अनेक लहान रेणू प्रयोगशाळांनी घडविले, त्यांतील हे एक आरंभीचे आणि आजही वापरात असलेले उदाहरण होय.

या संशोधनाचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. ब्रिटिश संशोधक डॉ. लुसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतील गरीब कामगार स्त्रियांना गरोदरपणात तीव्र रक्तक्षय होत असे. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या आणि अपक्व असत. यीस्टचा अर्क असलेले 'मार्माइट' हे साधे, स्वस्त खाद्य दिल्यावर हा आजार बरा होतो, असे विल्स यांनी दाखवून दिले. त्यांचा यासंबंधीचा निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्कातील तो अज्ञात घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. १९४१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ते पालकाच्या पानांतून वेगळे केले आणि 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव दिले. १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करण्यात लेडर्ले कंपनीच्या संशोधकांना यश आले. या संशोधनाची सूत्रे भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती.

बोस्टनमधील डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक आम्लासारखी संयुगे देऊन पाहिली. त्यामुळे रोग अधिकच वेगाने वाढतो, असे त्यांना आढळले. गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तपेशींना ज्या घटकाची उणीव भासत होती, त्यावरच कर्करोगाच्या पेशीही पोसल्या जात होत्या. मग हा पुरवठाच तोडला तर? सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्लाच्या रेणूतील एका ठिकाणचा ऑक्सिजन काढून तेथे अमिनो गट बसविला होता. या संयुगाचे नाव अमिनोप्टेरिन. फार्बर यांनी ते १६ मुलांना दिले आणि त्यांपैकी १० मुलांची प्रकृती काही काळ स्पष्टपणे सुधारली. जून १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुधारणा टिकली नाही, हेही त्यांनी नमूद केले. त्यानंतर दोनच महिन्यांनी सुब्बाराव यांचे निधन झाले. अमिनोप्टेरिनमध्ये आणखी एक मेथिल गट जोडला की मेथोट्रेक्सेट तयार होते. वापरण्यास अधिक सोयीचे ठरल्याने पुढे तेच रूढ झाले.

औषध लागू पडत होते, परंतु ते पेशीत नेमके कोठे आघात करते, हे स्पष्ट होण्यास आणखी सुमारे १० वर्षे लागली. पेशी विभागण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची प्रत तयार करावी लागते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी थायमिन हे अक्षर घडविताना फॉलिक आम्लाचे क्रियाशील रूप खर्ची पडते आणि ते निष्क्रिय रूपात बदलते. त्याला पुन्हा क्रियाशील करण्याचे काम डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर करते. मेथोट्रेक्सेट या विकराच्या खाचेत शिरून बसते. त्याची पकड फॉलिक आम्लापेक्षा सुमारे हजार पटींनी घट्ट असते. साहजिकच हे चक्र थांबते, थायमिन बनत नाही आणि विभाजनाच्या तयारीत असलेली पेशी मरते. गंमत अशी की, स्फटिकांच्या अभ्यासातून विकराची रचना उलगडली तेव्हा हा तोतया रेणू खाचेत फॉलिक आम्लाच्या तुलनेत उलटा बसलेला आढळला.

चयापचयाचे हे चक्र निरोगी पेशींतही चालते. त्यामुळे अस्थिमज्जा, तोंडाचे व आतड्याचे अस्तर, केसांची मुळे अशा झपाट्याने विभागणाऱ्या पेशींनाही हे औषध इजा करते. हाडांच्या काही कर्करोगांत फार मोठी मात्रा द्यावी लागते. अशा वेळी काही तासांनंतर ल्युकोव्होरिन देतात. ते आधीच क्रियाशील रूपाच्या जवळचे असल्याने अडविलेल्या विकराची त्याला गरज पडत नाही. कर्करोगाच्या पेशीही स्वस्थ बसत नाहीत. १९७८ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट शिम्के आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, औषधाला दाद न देणाऱ्या पेशी या विकराच्या जनुकाच्या असंख्य प्रती तयार करतात आणि औषधाला पुरून उरेल इतके विकर निर्माण करतात.

हेच विकर जीवाणूंमध्येही असते, पण त्याची घडण थोडी वेगळी असते. या फरकाचा लाभ घेऊन जॉर्ज हिचिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रायमेथोप्रिम घडविले. ते जीवाणूंच्या विकराला मानवी विकरापेक्षा हजारो पटींनी अधिक घट्ट धरते, म्हणून रुग्णाला फारसा अपाय न करता जंतुसंसर्ग आटोक्यात आणते. हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन १९८८ च्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले.

मेथोट्रेक्सेट आज कर्करोगापेक्षाही आमवात आणि सोरायसिससाठी अधिक रुग्णांच्या हाती पडते. या आजारांत मात्रा अल्प असते आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजच्या गोळ्यांची सवय असलेला रुग्ण चुकून तीही रोज घेतो आणि अस्थिमज्जेचे काम ठप्प होऊन प्राण गमावू शकतो. अशा चुका टाळण्यासाठी युरोपीय औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये नव्या उपाययोजना सुचविल्या. अनेक डॉक्टर गोळीचा वार चिठ्ठीवर अक्षरांत लिहून देतात, आणि दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून दुसऱ्या दिवशी फॉलिक आम्लाची गोळी घ्यावयास सांगतात.