पिकअपच्या पुढच्या चाकातला आवाज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ओतूर-जुन्नरकडची भाजी भरून माळशेज घाट उतरणाऱ्या पिकअपचा टाय रॉड एंड निसटला, तर ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही, वाटेल तसं वळतं. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं आणि गाडीचं नाक रस्त्यावर टेकतं. असे सांधे सहसा एका दिवसात सुटत नाहीत. बहुतेक वेळा आधी कितीतरी दिवस त्यांचा आवाज येत असतो. पण त्या आवाजाबद्दल चालकांमध्ये आणि गॅरेजमध्येही इतक्या ऐकीव समजुती आहेत, की कुणी तो अंगवळणी पाडून घेतो, तर कुणी एकामागून एक पार्ट बदलत बसतो. एका गाडीवर घर चालवणाऱ्या माणसाला यातलं काहीच परवडत नाही.

‘रिकामी पिकअप वाजणारच’

हे अर्धंच खरं आहे. मागचे पाटे टनाच्या हिशोबाने बनवलेले असतात. रिकाम्या गाडीत ते दबत नाहीत, त्यामुळे हौदा उडतो, फाळक्याच्या कड्या वाजतात. तेवढं चालायचंच. पण उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना येणारा ‘ठक्’, किंवा खड्ड्यात आवाजाबरोबर हाताला जाणवणारा झटका हौद्यातून येत नाही.

माल भरल्यावर आवाज थांबतो म्हणून पुष्कळ जण निर्धास्त होतात. वजनाने झिजलेला बुश किंवा पाट्याचा शॅकल एका बाजूला दाबला जातो आणि हलायचा थांबतो, म्हणून आवाज बंद होतो. झीज जिथल्या तिथेच असते.

‘वळताना टकटक म्हणजे एक्सल गेला’

हे निदान मोटारींकडून पिकअपकडे आलं आहे. बहुतेक छोट्या मोटारींमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, आणि वळणावर त्यांचा बाहेरचा सीव्ही जॉइंट झिजल्यावर टकटकतो. आपल्याकडे माल वाहणाऱ्या बहुतेक पिकअप मागच्या चाकांवर चालतात. पुढची चाकं नुसती फिरतात, त्यांना ताकद देणारा एक्सल तिथे नसतोच. ज्या गाडीचा एक्सल ‘गेला’ असं सांगितलं जातं, तिच्याखाली आधी एकदा वाकून बघावं.

हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या फोर बाय फोर गाड्यांमध्ये पुढे एक्सल असतो, त्यामुळे तिथे ही शंका रास्त आहे. मात्र त्यांनाही डांबरी रस्त्यावर 4 एच लावून वळवलं तर अडखळल्यासारखे झटके आणि आवाज येतात, कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि ट्रान्सफर केस दोघांनाही एकाच वेगाने फिरवत असतो. तो बिघाड नाही, 2 एच लावलं की थांबतो.

‘आवाज येतो तिथेच बिघाड’

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. चॅसिस लोखंडी. डावीकडचा आवाज उजव्या पायाखाली ऐकू येतो. अमेरिकेत 1999 नंतरच्या शेवरले सिल्व्हराडो पिकअपमध्ये वळताना आणि खड्ड्यात ‘ठक्’ व्हायचं. वाटायचं, चाकातलं काहीतरी सैल आहे. दोष होता केबिनमधून स्टिअरिंग बॉक्सकडे जाणाऱ्या शाफ्टमध्ये. त्याचा आतबाहेर सरकणारा सांधा कोरडा पडत असे. कंपनीने आधी तो ग्रीस करायला सांगितला, पुढे शाफ्टच सुधारून दिला. आपल्याकडच्या पिकअपमध्येही स्टिअरिंग शाफ्टचा क्रॉस असाच फसवतो.

म्हणून पान्हा हातात घेण्याआधी दोन माणसांनी अर्धा तास द्यावा. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. चाकं जमिनीवरच राहू द्या. एकाने स्टिअरिंग दोन-चार बोटं इकडे-तिकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने क्रॉसपासून सुरुवात करून स्टिअरिंग बॉक्स, ड्रॅग लिंक आणि मग दोन्हीकडचे टाय रॉड एंड अशा क्रमाने एकेका सांध्यावर हात ठेवायचा. चांगल्या सांध्याचे दोन्ही भाग एकदम हलतात. झिजलेल्यात आधी एक हलतो, मग दुसरा, आणि मधला तो बारीक ‘टक्’ बोटांना कळतो. कानापेक्षा इथे बोटांवर भरवसा ठेवावा.

यानंतर चाक उचला, पण नुसत्या जॅकवर सोडू नका, खाली घोडी लावा. चाक घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी धरून हलवलं आणि खेळलं, तर संशय टाय रॉड एंडवर. 12 आणि 6 च्या जागी धरून खेळलं, तर व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन. यातलं नेमकं कोणतं, तेही कळतं. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन.

एक गोष्ट इथे हमखास चुकते. खालच्या आर्मवर कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत जॅक चॅसिसला लावला, तर स्प्रिंगच्या ताणामुळे बॉल जॉइंट घट्ट दबून राहतो आणि गेलेला जॉइंटही ठणठणीत वाटतो. अशा गाडीत जॅक आर्मखालीच लावायचा, म्हणजे सांधा मोकळा होतो.

चालत्या गाडीतही काही खुणा मिळतात. खराब रस्त्यावरची खडखड ब्रेक हलका दाबताच थांबली, तर कॅलिपरच्या पिना किंवा ब्रेक पॅड सैल असतात. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं डावीकडे वळताना चढली, तर वजन उजव्या चाकावर आल्यामुळे तिथलं बेअरिंग बोलत असतं. वळणाने काही फरक न पडता रस्ता बदलल्यावर आवाज बदलला, तर टायरची ओबडधोबड झीज बघा.

‘अलाइनमेंट केलं की आवाज जाईल’

अलाइनमेंटने चाकांचा कोन जुळतो, सांधा भरून निघत नाही. सैल टाय रॉड एंडवर केलेलं अलाइनमेंट रस्त्यावर टिकतही नाही. आधी सांधा, मग अलाइनमेंट.

‘थोडं ऑइल मारा, बंद होईल’

होतं बंद, दोन दिवस. सांध्याच्या रबरी बूटमध्ये स्प्रे मारला की आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून जातं आणि सांधा आणखी लवकर झिजतो. पाट्यांना जळकं इंजिन ऑइल फासण्याची जुनी सवय तर सोडायलाच हवी. त्यावर धूळ चिकटते, आणि ते बुशवर ओघळलं की रबर फुगून मऊ पडतं. पाटे कुरकुरत असतील तर ते धुऊन, पाट्यांच्या टोकांमधले पॅड झिजलेत का ते बघावं. ग्रीस निप्पल असलेल्या सांध्यांना मात्र वेळच्या वेळी ग्रीस हवंच, विशेषतः पावसाळ्यात आणि प्रेशरने धुतल्यानंतर. बूट फाटला असेल तर तिथे पाणी आणि माती गेलेलीच आहे असं धरून चाला.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये वळवताना रडल्यासारखा आवाज आला तर ऑइल कमी आहे किंवा त्यात हवा शिरली आहे. नुसतं वर ओतू नका, गळती शोधा. आणि हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल कधीही टाकू नका, त्याने सीलं खराब होतात. पूर्ण वळवल्यावर येणारा ‘हिस्स’ आवाज पंपातला दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा असतो, तो साहजिक आहे, पण तसं धरून ठेवलं तर ऑइल तापतं. तिथेच बेल्ट चिरकत असेल तर तो ढिला झालाय किंवा गुळगुळीत.

‘नवा पार्ट बसवला, काम झालं’

नवा पार्ट बसवूनही महिन्याभरात आवाज परत आला, तर पार्टला ‘डुप्लिकेट’ म्हणण्याआधी तो कसा बसवला ते बघायला हवं. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाक हवेत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहून फाटतं. ते बोल्ट शेवटी, वजन चाकांवर आल्यावर आवळायचे. टाय रॉड एंडची निमुळती पिन आणि तिचं भोक पुसून कोरडं करायचं. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे सोडून कधीच नाही. पिन नवी घालायची. पाटे उतरवले असतील तर गाडी थोडी चालवून यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यायचे. आणि टाय रॉड एंड बदलला असेल तर गाडी गॅरेजमधून थेट अलाइनमेंटला न्यायची, वाटेत माल भरायचा नाही.