आईकडून लेकीकडे जाणारी शेती

सुमात्रा नावाचे एक मोठे बेट आहे. ते इंडोनेशिया देशात मोडते. या बेटाच्या पश्चिमेला उंच डोंगर आहेत. त्यांतला मारापी डोंगर अजून आग ओकतो. त्याच्या आसपासच्या गावांत मिनांगकाबाऊ नावाचे लोक राहतात. गावाला ते 'नगारी' म्हणतात. आपला 'नगरी' शब्द आठवला ना? मूळ एकच आहे. फार जुन्या काळी आपल्या देशाचे त्या बेटांशी येणेजाणे होते. तेव्हा संस्कृतातले पुष्कळ शब्द तिकडे गेले. त्यांतला हा एक.

तिकडे पाऊस पुष्कळ. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी भाताची खाचरे आहेत. मिरची, भाजीपाला, कॉफी, दालचिनीही पिकते. शेतीला रेडे असतात. इथपर्यंत सारे आपल्या ओळखीचे. पण ही शेती कोणाची, असे विचारा. मग नवल वाटेल.

घराची जुनी जमीन आईकडून लेकीकडे जाते. राहते घर आणि घरापुढची भाताची कोठारे, तीही तशीच. आई ज्या कुळातली, त्याच कुळातली तिची मुले. एकाच कुळात लग्न होत नाही. लग्न झाले तरी मुलगी आईचे घर सोडत नाही. जावईच तिच्या घरी येतो. मागणी घालायलाही बहुधा मुलीकडची माणसे जातात. हे लोक पक्के मुसलमान आहेत. नमाज, रोजे सारे पाळतात. तरी ही रीत त्यांनी सोडली नाही. आपल्या मेघालयातल्या खासी लोकांतही कूळ आईकडूनच चालते.

तुम्ही म्हणाल, मग तिथली बाई वाटेल तेव्हा शेत विकत असेल! तसे नाही. जमीन एकट्या बाईची नसते. एका आजीच्या साऱ्या वंशाची ती असते. बहिणीबहिणींना कसायला तुकडे वाटून देतात. ज्याचे पीक त्याने खावे. मालकी मात्र सगळ्यांची मिळून. त्यामुळे एकीच्या सहीने काही होत नाही. सगळ्यांचा होकार लागतो. घरातला वडीलधारा मामा यावर लक्ष ठेवतो. मामाला त्यांच्या भाषेत 'मामाक' म्हणतात. कुळाचा जो पुढारी असतो, त्याला 'दातुक' अशी पदवी असते. ही पदवी मामाकडून भाच्याकडे जाते, बापाकडून मुलाकडे नाही. थोडक्यात, धनी बाया आणि कारभारी मामा.

जुनी जमीन विकायची नाही, असा त्यांचा दंडक आहे. फारच नड आली तर गहाण ठेवावी, तीही चार कारणांसाठी. घरात मयत झाले आणि मूठमातीला पैसा नाही. राहते मोठे घर गळू लागले. उपवर मुलीचे लग्न अडले. कुळाचा पुढारी गेला आणि नव्याला पदवी देण्याचा समारंभ करायचा आहे. एवढीच चार कारणे. जुगाराचे देणे किंवा नव्या मोटारसायकलीची हौस यांत कुठे बसत नाही, हे ध्यानात घ्या. अर्थात माणसे सगळीकडे सारखीच. दंडक मोडूनही जमिनी गहाण पडल्या. काही विकल्याही गेल्या.

त्यांचे गहाण म्हणजे आपल्याकडचे कब्जेगहाण. पैसे देणारा शेत ताब्यात घेतो आणि पीक खातो. रक्कम पुष्कळदा सोन्याच्या वजनात ठरते. तेवढे सोने परत केले की शेत मोकळे. पण मुदत काही नसते. एक पिढी जाते, दुसरी जाते, शेत सुटत नाही. पिकातून सोने कितीदा फिटले, ते कोणी मोजत नाही. म्हणून १९६० साली इंडोनेशियाच्या सरकारने कायदा केला. शेत सात वर्षे गहाण राहिले, तर पैसे न घेता परत करावे. सात वर्षांच्या पिकात मुद्दल वसूल झाले, असा त्यामागचा हिशेब. आम्हांला हा हिशेब वाजवी वाटतो. पण मिनांगकाबाऊ गावांत तो सगळीकडे चालला नाही. गहाण घेणारा बहुधा गावातला, कधी नात्यातला. घेतलेले न फेडता शेत कसे मागावे, याची लोकांना लाज वाटते.

आता त्यांचे घर पाहू. त्याला 'रुमा गदांग' म्हणतात. त्याचा अर्थच मोठे घर. लाकडी खांबांवर उंच बांधलेले. छपराची टोके म्हशीच्या शिंगांसारखी वर वळलेली. पूर्वी छपरावर ताडासारख्या एका झाडाचे काळे तंतू घालत. आता पुष्कळ घरांवर पत्रा आला. शिंगांचे कारण विचारले, तर तिथले लोक एक गोष्ट सांगतात. परक्या राजाने चढाई केली. लढाई नको, रेड्यांची झुंज लावू, असे ठरले. त्याने मोठा रेडा आणला. यांनी दूध तोडलेले भुकेले पारडू आणले आणि त्याच्या नाकाला पाते बांधले. पारडू आई समजून रेड्याच्या पोटाखाली धावले. रेडा मेला. मिनांगकाबाऊ म्हणजे जिंकणारी म्हैस, असा अर्थ लोक लावतात. गोष्ट खरी की खोटी कोण जाणे, पण ऐकायला छान आहे!

घरात मागच्या बाजूला ओळीने खोल्या असतात. जितक्या लग्न झालेल्या बाया, तितक्या खोल्या. पुरुषाला मात्र खोली नसे. मुलगा जाणता झाला की रात्री 'सुराऊ'त झोपायला जाई. सुराऊ म्हणजे नमाजाची लहान जागा. तिथे कुराण शिकावे, 'सिलात' नावाचे डावपेच शिकावेत, थोरांचे बोलणे ऐकावे. लग्न झाल्यावर रात्री बायकोच्या घरी, दिवसा आईच्या शेतात. बायको वारली, की पुन्हा सुराऊच गाठायचे. जावई म्हणजे झाडाच्या खुंटावरची राख, फुंकर आली की उडाली, अशी त्यांच्यात म्हणच आहे.

मग पुरुषाने स्वतः मिळवलेले कोणाला जावे? बहिणीच्या मुलांना, असे जुनी रीत म्हणे. स्वतःच्या मुलांना, असे धर्म म्हणे. धर्म आणि रीत यांचे तिथे मोठे भांडण झाले आहे. १८०३ साली मक्केहून परतलेल्या काही धर्मपंडितांनी जुन्या चालींवर हल्ला चढवला. त्यातून यादवी माजली. १८२१ पासून डच लोक मध्ये पडले. १८३७ साली लढाई संपली, तेव्हा मुलूख डचांच्या हातात गेलेला होता. पुढे १९५२ साली बुकितिंगी गावात धर्मपंडित आणि कुळांचे पुढारी एकत्र बसले. वाडवडिलांची जमीन रीतीप्रमाणे आईकडून जाईल, स्वकमाई धर्माप्रमाणे मुलांना मिळेल, असे त्यांनी ठरवले. तोड चांगली निघाली. पण स्वकमाईही दोन-तीन पिढ्या न वाटता राहिली, की लोक तिला जुनी जमीनच मानू लागतात. मग तंटा कोर्टात जातो.

हातात जमीन नाही, म्हणून तरुण गाव सोडतो. याला ते 'मरांताऊ' म्हणतात. मुलखाबाहेर जावे, कमवावे, शिकावे, मग परत यावे. न जाणाऱ्याला जुन्या काळी लोक हसत. कोणी मलाया गाठली. तिथल्या नगरी सेंबिलान राज्यात यांच्याच वंशाचे लोक आहेत. कोणी जकार्तात दुकान थाटले. इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्रपती मोहम्मद हट्टा बुकितिंगीचेच. जन्म १९०२ सालचा. आणि यांच्या खाणावळी तर इंडोनेशियात शहरोशहरी आहेत. गिऱ्हाईक बसले की दहा-बारा बश्या पुढे मांडतात. जे खाल्ले त्याचेच पैसे द्यायचे. त्यांतला 'रंदांग' हा मांसाचा पदार्थ. नारळाच्या दुधात तासन्‌तास आटवून कोरडा करतात. तो पुष्कळ दिवस टिकतो. प्रवासाची शिदोरी म्हणून दुसरे काय हवे?

समुद्रकाठच्या पादांग शहरापासून वर बुकितिंगी सुमारे ९० किलोमीटर आहे. वाट आनाई नदीच्या घळीतून चढते. डचांनी येथून आगगाडी नेली होती. चढ इतका, की इंजिन दातेरी रुळाला धरून वर जाई. ती गाडी केव्हाच बंद पडली. आता मोटारींचा रस्ता आहे. मे २०२४ मध्ये मोठा पाऊस झाला. मारापीची राख आणि धोंडे घेऊन ओढे खाली आले. साठांहून अधिक माणसे दगावली आणि घळीतला रस्ता तुटला. जुलैत तो पुन्हा सुरू झाला.

आता मुलीही शिकायला आणि नोकरीला बाहेर जातात. नवराबायको मुलांसह वेगळे घर करतात. मुलांचा खर्च बाप करतो, मामा नाही. पुष्कळ मोठी घरे त्यामुळे बंद पडली. लाकूड कुजते, छप्पर गळते. पण रमजान ईदला रस्ते गाड्यांनी भरून जातात. जकार्ताची मंडळी गावी येतात. मोठे घर झाडून काढतात, चटया घालतात. जेवणे झाली की मामा-भाचे, बहिणी-मावश्या गोलाने बसतात. छपराचा पत्रा कोणी आणायचा आणि गहाण पडलेले खाचर कोणी सोडवायचे, हे बोलणे मग रात्रभर चालते.