तारपा कशावर टिकेल?

आपल्या जव्हार-मोखाड्यात तारपा कोणाला ठाऊक नाही? वारली चित्रातले माणसांचे वेटोळे आणि मधोमध वाकून वाजवणारा तारपकरी आता मुंबईच्या दिवाणखान्यांतही जाऊन बसला आहे. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपणा सर्वांनाच अभिमान वाटला. परंतु ज्याचा सन्मान होतो ते टिकतेच असे नाही. मी कामगार संघटनेतला माणूस. संगीतशास्त्र मला येत नाही, म्हणून कामाच्या बाजूनेच बोलतो.

प्रथम वाद्य पाहू. वाळवून पोकळ केलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळलेला कर्णा. नळ्यांना भोके, आत थरथरणाऱ्या पात्या. गारुड्याच्या पुंगीचेच हे थोरले भावंड. तारपकरी गालांत हवा साठवतो आणि ती फुंकत असतानाच नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. ऑस्ट्रेलियातील आदिवासीही आपले लांब लाकडी वाद्य याच युक्तीने वाजवतात. शिकणाऱ्याला बोटांच्या आधी हा दम साधावा लागतो.

आता नाच. कमरेला हात घालून स्त्रीपुरुष साखळी करतात आणि तारपकऱ्याभोवती फिरतात. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. याचे पुस्तक नाही. लहान मूल साखळीच्या शेपटाला लागून फिरते, कंटाळते, निजते आणि पुन्हा उठते. अशा अनेक रात्रींनंतर त्या चाली त्याच्या पायांत बसतात. म्हणजे तारप्याची शाळा एका माणसाची नसून सगळ्या पाड्याची आहे.

हे मला उशिरा कळले. एका मेळाव्यात मीच तारप्याचे पथक बोलावले होते. व्यासपीठ अरुंद; वेटोळे मावेना. मी त्यांना रांगेत उभे केले आणि वेळ दिला पाच मिनिटे. टाळ्या पडल्या. खाली उतरताना म्हातारा तारपकरी म्हणाला, "दादा, आता कुठं दम लागत होता." ती चूक माझी होती.

पण खरी अडचण व्यासपीठाची नाही, हंगामाची आहे. नवे भात, नागली, वरई घरात आली की तारपा निघतो. दिवाळीच्या सुमारास नाचाला रंग चढतो, आणि नेमकी तेव्हाच वीटभट्टीची उचल हातात पडते. कुटुंबे पोराबाळांसह भिवंडी-वसईकडे निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. १९४५ साली याच जिल्ह्याच्या पश्चिम भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. वेठ गेली, पोटाची ओढ राहिली. ज्या रात्री मुलाने तारपा ऐकायचा, त्या रात्री ते भट्टीवर निजलेले असते.

मोखाड्याच्या बोहाड्याकडे पाहा. तेथे अनेक सोंगे घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. आपले सोंग आपणच नाचवायचे, ही जबाबदारी असते. ज्याच्यावर जबाबदारी असते, तो होळीला गावी येतो.

यावरून मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, सुगीनंतर गावातच काम मिळावे. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला तो याचसाठी. गावातले काम वेळेवर मागणे आणि मजुरी वेळेवर मिळवणे हे तारप्याचेही काम आहे. दुसरी, आश्रमशाळेच्या अंगणात सुगीच्या दिवसांत संध्याकाळी वेटोळे धरावे आणि शिकवणाऱ्या तारपकऱ्याला गवंड्या-सुताराप्रमाणे रोजंदारी द्यावी. शाल-नारळाने चूल पेटत नाही. तिसरी आपणा नगरवासीयांसाठी: पाहुण्यांपुढे तारपा बोलवाल तर मैदान द्या, रात्र द्या, आणि स्वतःही साखळीत शिरा.

तारपा म्हातारा झालेला नाही. त्याच्या भोवतीची माणसे दूर गेली आहेत. ती सुगीला घरी राहिली, तर मुले आपोआप शेपटाला लागतील.