मंडळाची खोली कोणाच्या नावावर?

२०२५च्या जुलैमध्ये गोरेगावचा फिल्मिस्तान स्टुडिओ विकला गेला. शशधर मुखर्जी, अशोककुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडून १९४३ साली एस. व्ही. रोडवर तो उभारला होता. सुमारे चार एकरांची ती जागा १८३ कोटी रुपयांना एका बांधकाम कंपनीकडे गेली. सिनेकामगारांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले, हळहळ व्यक्त झाली, पण तोवर व्यवहार होऊन गेला होता.

फिल्मिस्तान खासगी मालमत्ता होती आणि मालकाने ती रीतसर विकली. इथे तिचा उल्लेख केला तो त्या आकड्यासाठी. एकराला पंचेचाळीस कोटींच्या वर भाव असलेल्या उपनगरात रहिवाशांनी वर्गणी काढून आपल्या मंडळाची जागा, व्यायामशाळा किंवा छोटेसे सभागृह विकत घ्यायचे म्हटले तर ते शक्य आहे का? ५०० कुटुंबांनी प्रत्येकी २०,००० रुपये दिले तर एक कोटी जमतात. तेवढ्यात गोरेगाव पश्चिमेला एक मध्यम आकाराची खोली येईल, सभागृह येणार नाही. एवढे पैसे जमवायलाही दोन-तीन वर्षे जातील आणि विकणारा तेवढे थांबणार नाही.

म्हणून या विषयाकडे दुसऱ्या टोकाकडून पाहिले पाहिजे. बाजारात आलेली जागा लोकवर्गणीतून सोडवून आणल्याची उदाहरणे फार कमी सापडतात. लोकांच्या हातात टिकल्या त्या जागांचे कागद भाव चढण्याच्या आधीच लोकांच्या संस्थेच्या नावावर झालेले होते.

गोरेगावला हे नवे नाही. १९५७ साली मुंबई महापालिकेत येण्याआधी इथे ग्रामपंचायत होती आणि समाजवादी कार्यकर्त्यांचे जाळे गल्लोगल्ली पसरले होते. त्यांतले केशव तथा बंडू गोरे १९५८ साली अकाली गेले. त्यांच्या पत्नी मृणाल गोरे आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या स्मरणार्थ केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा केला. आरे रोडवरची त्याची वास्तू आजही सभा, व्याख्याने, शिबिरे यांनी गजबजलेली असते. पाण्यासाठी आणि महागाईविरुद्ध निघालेले मोर्चे, संकटातल्या स्त्रियांसाठीचे ‘स्वाधार’चे काम, या सगळ्यामागे बसून बोलायला अशी हक्काची जागा होती. तिच्यावर मालकी ट्रस्टची आहे, म्हणून माणसे बदलली, पिढ्या बदलल्या तरी जागा राहिली.

सामूहिक खरेदीचा याहून मोठा धडाही गोरेगावनेच घालून दिला आहे. मृणालताई आणि बाबुराव सामंत यांच्या पुढाकाराने नागरी निवारा परिषद स्थापन झाली आणि तिने कमाल जमीन धारणा कायद्याखालच्या जमिनीसाठी सरकारशी वर्षानुवर्षे झगडा दिला. दिंडोशीच्या टेकडीवर जागा मिळाली आणि बेताच्या कमाईच्या माणसांनी हप्त्याहप्त्याने भरलेल्या पैशांतून सुमारे ६,००० घरे उभी राहिली. एकट्याने बिल्डरच्या दारात जाऊन ज्यांना घर परवडले नसते, त्यांनी आधी संघटना केली, मग जमीन मागितली, मग पैसे भरले. हा क्रम महत्त्वाचा होता. प्रबोधन गोरेगाव ही १९७२ साली स्थापन झालेली संस्थाही इथलीच. तिचे क्रीडाभवन आणि तरणतलाव गोरेगावच्या दोन पिढ्यांनी वापरले आहेत.

उपनगरातल्या साध्या मंडळाची गोष्ट मात्र वेगळी आहे. म्हाडाच्या वसाहतीत दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत पत्र्याची किंवा विटांची एक खोली असते. आत कॅरम बोर्ड, भिंतीवर ढाली, लोखंडी कपाटात जुनी पावतीपुस्तके, माळ्यावर गणपतीचे सुटे केलेले मखर. सकाळी ज्येष्ठ मंडळी पेपर वाचतात, दुपारी महिला मंडळाची भिशी, संध्याकाळी पोरांचा अभ्यास किंवा कॅरम. कोपऱ्यात एक व्हीलचेअर आणि दोन वॉकर ठेवलेले असतात. कोणाच्या घरी आजारपण आले की ते न्यायचे आणि गरज संपली की पुसून परत आणून ठेवायचे. त्याची नोंद कुठे नसते, पण वस्तू परत येतात. दक्षिण मुंबईतल्या जिमखान्यांचे सभासदत्व लाखांत मोजले जाते. इथे वर्षाची वर्गणी आणि दोन हात पुरतात.

ही खोली कोणाची, असे विचारले की सगळे एका आवाजात म्हणतात, ‘आपली’. प्रॉपर्टी कार्डावर मात्र नाव म्हाडाचे, महापालिकेचे किंवा एखाद्या जुन्या जमीनमालकाचे असते. मंडळाकडे असते ते विजेचे बिल, आणि तेही बऱ्याचदा एखाद्या माजी अध्यक्षाच्या नावावरचे.

पुष्कळ मंडळे नोंदणीच करत नाहीत. गणपतीच्या आधी धर्मादाय आयुक्तांकडून ‘४१ सी’ची परवानगी काढायची, वर्गणी गोळा करायची, हिशोब द्यायचा, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कलम ४१ सीची ही परवानगी वर्गणी गोळा करण्यापुरती आणि ठरावीक मुदतीची असते. तिने मंडळाला कायद्यातले अस्तित्व मिळत नाही, आणि ज्याला अस्तित्व नाही त्याच्या नावावर जागा होत नाही. मग जागा घेतलीच तर ती दोन-तीन कार्यकर्त्यांच्या नावावर होते. ते हयात असेपर्यंत सगळे सुरळीत चालते. पुढे वारस येतात.

याचा सर्वांत जुना आणि सर्वांत कडू अनुभव कोकणी माणसाला आहे. लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळींत गावोगावच्या मुंबई मंडळांनी वर्गणी काढून पागडीने खोल्या घेतल्या. गिरणीत कामाला लागलेला गावचा पोरगा आधी त्या गावकीच्या खोलीत उतरायचा. पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे, पगारातून खोलीचा वाटा द्यायचा. गणपतीच्या गाड्या, शिमग्याची पालखी, गावच्या शाळेचे पत्रे, सगळ्याच्या बैठका तिथेच. सामाजिक क्लब म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? यांतल्या अनेक ठिकाणी भाडेपावती गावातल्या एकाच विश्वासू माणसाच्या नावाने फाटत राहिली. इमारत पुनर्विकासाला गेली आणि त्या दहा बाय बाराच्या खोलीच्या बदल्यात कोटीच्या घरातला फ्लॅट मिळायची वेळ आली की त्या विश्वासू माणसाचे नातू दारात उभे राहतात. गावाकडे तेव्हा पुरावा म्हणून वर्गणीच्या वह्या असतात. जिथे मंडळाने वेळेवर नोंदणी करून पावती मंडळाच्या नावावर फिरवून घेतली, तिथे गावाला नवी जागा मिळाली. बाकीच्या ठिकाणी कोर्टकचेऱ्या झाल्या.

गोव्याच्या लोकांनी अशाच गावच्या खोल्या धोबी तलावाच्या परिसरात घेतल्या. तिथल्या जेर महालात आणि आजूबाजूच्या इमारतींत गोव्यातल्या गावांचे क्लब, म्हणजे कूड, अजून आहेत. भिंतीशी ओळीने लावलेल्या ट्रंका, एका बाजूला वेदी, संध्याकाळची सामूहिक प्रार्थना आणि बोटीवर नोकरी मिळेपर्यंत किंवा दोन सफरींच्या मधल्या काळात परवडेल अशा दरात राहायची सोय. क्लब गावाचा, सभासद त्या गावचेच, घटना आणि नियम लिहिलेले.

कायद्यात मार्ग आहेत. ते वेळेवर माहीत असायला हवेत.

पहिला मार्ग सार्वजनिक न्यासाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०खाली नोंदलेल्या संस्थेची स्थावर मालमत्ता विश्वस्तांना परस्पर विकता येत नाही. कलम ३६नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असली तरीही लागते. विक्री गरजेची आहे का, भाव योग्य आहे का, संस्थेचे हित कशात आहे, हे तिथे तपासले जाते आणि हितसंबंधी व्यक्तीला हरकत घेता येते. आपल्या भागातले सभागृह न्यासाचे असेल तर रहिवाशांच्या हातातले हे सर्वांत धारदार हत्यार आहे. ते गंजते कशाने, तर दुर्लक्षाने. विश्वस्त वारले, नवे निवडले गेले, तरी कलम २२खालचा चेंज रिपोर्ट नव्वद दिवसांत दाखल करायचा राहून जातो. वरळीच्या कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढावा तर त्यावर वीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांची नावे. पुनर्विकासाच्या वेळी विकासकाचा वकील पहिला प्रश्न विचारतो, सही कोण करणार? उत्तर देताना मंडळात दोन गट पडतात आणि जागा अडकते.

दुसरा मार्ग म्हाडा कायद्यातला. १९८६ साली त्यात प्रकरण आठ-अ घातले गेले. उपकरप्राप्त जुन्या इमारतीतल्या किमान ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन ती इमारत संपादित करून संस्थेला देण्याची तरतूद त्यात आहे. भाडे शंभर रुपये असेल तर एका खोलीमागे दहा हजार. लोकांनी मिळून आपली वास्तू घ्यावी असा इतका थेट कायदा देशात क्वचितच झाला असेल. इमारतमालक न्यायालयात गेले आणि वाद सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापर्यंत पोचला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या पीठाने बहुमताने सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही संविधानाच्या कलम ३९(ब)मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. शिवाय उपकरप्राप्त इमारती मुंबई शहरातल्या. माहीमच्या पलीकडे, म्हणजे गोरेगावला, हे प्रकरण लागूच होत नाही. उपनगरासाठी असे काही करावे, असे कोणत्याच सरकारला वाटलेले नाही, याचे मला वाईट वाटते.

इंग्लंडमध्ये २०११च्या लोकॅलिझम कायद्याने एक सोपी गोष्ट केली. गावातला पब, सभागृह, दुकान, मैदान लोकांच्या उपयोगाचे आहे असे स्थानिक संस्थेने दाखवून दिले की परिषद त्याची नोंद यादीत घेते. मालकाला ते विकायचे झाले तर आधी कळवावे लागते आणि लोकांनी इच्छा दाखवली तर सहा महिने थांबावे लागते. तेवढ्यात लोकांनी पैसे उभे करायचे. मालकावर त्यांनाच विकायची सक्ती नाही, त्यांना मिळतो तो फक्त वेळ. लंडनमधल्या नन्हेड भागातला ‘आयव्ही हाऊस’ हा पब २०१३ साली या तरतुदीच्या आधाराने ३७१ भागधारक रहिवाशांनी घेतला. आपल्याकडे वेळ मिळतो तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या ‘जाहीर नोटीस’ या बारीक चौकटीत. वकील जागेचा सीटीएस (नगर भूमापन) नंबर देतो आणि बहुधा चौदा दिवसांत हरकती मागवतो. त्या चौकटी वाचणारा एक माणूस प्रत्येक मंडळात असला पाहिजे.

पैशांबद्दल थोडे. नोंदणीकृत न्यासाकडे ८०जीची मान्यता असेल तर जुनी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला आयकरात सवलत मिळते, पण रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर नाही. म्हणून चेक किंवा बँकेतूनच घ्यावे. ‘जागा झाली की व्याजासकट परत देऊ’ असे सांगून लोकांकडून रकमा घेणे तर कटाक्षाने टाळावे. २०१९च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या कचाट्यात सज्जन कार्यकर्ते सापडू शकतात. देणगी ही देणगी आणि भाग भांडवल ते भाग भांडवल. ज्यांना मालकीत वाटा हवा त्यांनी सहकारी संस्था काढावी, ज्यांना फक्त जागा टिकायला हवी त्यांच्यासाठी न्यास बरा. मला न्यास बरा वाटतो. वाटा आला की तो विकायचा मोहही येतो.

आता हे तातडीचे का झाले आहे ते सांगतो. गोरेगावातल्याच मोतीलाल नगरच्या १४३ एकरांवरच्या सुमारे ३,७०० घरांचा पुनर्विकास मार्गी लागतो आहे. शेजारच्या सिद्धार्थ नगरात, पत्रा चाळीत, २००८ साली करार झाला आणि ६७२ कुटुंबे घरे रिकामी करून दशकाहून अधिक काळ भाड्याच्या घरांत विखुरली. अशा प्रत्येक योजनेत पात्र कुटुंबांची यादी होते, चटईक्षेत्राचे चौरस फूट ठरतात, भाड्याची रक्कम ठरते. वाटाघाटींत रहिवासी घरासाठी जिवाचे रान करतात, आणि ते योग्यच आहे. मंडळाची खोली मात्र कोणत्याही यादीत निवासी नसते, व्यापारीही नसते. इमारती पडतात त्या दिवशी ती इतर पत्र्यांबरोबर डंपरमध्ये जाते. वाचनालय, व्यायामशाळा, ज्येष्ठांचा कट्टा, सगळे एका फेरीत. नव्या टॉवरमध्ये फिटनेस सेंटर आणि क्लब हाऊस मिळते, पण ते त्या सोसायटीच्या सभासदांपुरते. बाजूच्या इमारतीतल्या आजोबांना तिथे पेपर वाचायला बसता येत नाही.

करारावर सह्या व्हायच्या आधी मंडळांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड काढणे. नोंदणी नसेल तर १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा न्यास कायदा अशा दोन्हींखाली ती करून घेणे. राहिलेले चेंज रिपोर्ट दाखल करणे. खोली किती वर्षांपासून आहे याचे पुरावे, म्हणजे विजेची बिले, जुनी छायाचित्रे, इतिवृत्तांच्या वह्या आणि ऑडिट झालेले हिशोब एकत्र करणे. मग सर्वसाधारण सभेत ठराव करून पुनर्विकासाच्या आराखड्यात मंडळासाठी स्वतंत्र, सर्वांना खुल्या अशा जागेची लेखी मागणी म्हाडाकडे, विकासकाकडे आणि आपल्या सोसायटीकडे करणे. ती जागा करारात चौरस फुटांसह लिहून घेतली पाहिजे आणि ताबा संस्थेच्या नावाने मिळेल हे वाक्यही त्यात असले पाहिजे. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी पुढच्या वर्षी बदलून जातो. अर्ज दिला की आवक शिक्क्यासह पोच घ्यावी, आणि ती कोणा अध्यक्षाच्या घरी न ठेवता मंडळाच्या फायलीत लावावी.